उद, उदमांजर आणि कांडेचोर : नोंदवहीत नेमके कोणते नाव लिहावे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवहीचे काम यंदा नव्याने हाती घेतले असून सस्तन प्राण्यांचे पान माझ्याकडे आले आहे. गाव सिंधुदुर्गात, तेरेखोल नदीला मिळणाऱ्या एका व्हाळाच्या काठी आहे. नोंदवहीत प्रत्येक प्राण्यापुढे स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव असे दोन रकाने भरावयाचे असतात. काम सोपे वाटले होते, पण पहिल्याच आठवड्यात अडलो.

गावातील तीन वयोवृद्ध मंडळींना मी एकाच दिवशी, वेगवेगळ्या घरी जाऊन विचारले. पहिले आजोबा म्हणाले की ‘उद’ म्हणजे व्हाळात राहणारा, मासे खाणारा प्राणी. दुसरे म्हणाले की ‘उद’ म्हणजे उदमांजर, तो रात्री माडावर चढतो आणि माडीच्या मडक्याला तोंड लावतो. तिसऱ्या घरच्या आजी म्हणाल्या की माडावर चढतो तो कांडेचोर, आणि उद व उदमांजर ही दोन्ही नावे पाण्यातल्या प्राण्याचीच आहेत. तिघांनीही हे प्राणी डोळ्यांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे कोणालाही चूक ठरविण्याचे धाडस मला होत नाही. आधीच्या नोंदवहीत मात्र ‘उदमांजर’ या नावापुढे पाणमांजराचे शास्त्रीय नाव लिहिलेले आढळते आणि माडावर चढणारा प्राणी गावाच्या यादीतून पूर्णपणे नाहीसा झालेला आहे.

प्राण्यांना ही नावे कोण देतो, शास्त्रीय नाव एकदा दिल्यावर कायम राहते का, आणि तीन घरी तीन नावे मिळाली असता नोंदवहीत काय लिहावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कातळसडा

आधीच्या नोंदवहीतील चूक फार सर्वत्र आढळणारी आहे आणि तिच्यामुळे होणारे नुकसानही खरे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आजच्या पद्धतीचे द्विपदी शास्त्रीय नाव स्वीडनच्या कार्ल लिनीअसमुळे रूढ झाले. प्राण्यांच्या नावांसाठी त्याच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती हा आरंभबिंदू मानला जातो, त्यापूर्वीची नावे विचारात घेतली जात नाहीत. पहिले पद प्रजातीचे आणि दुसरे त्या प्रजातीतील विशिष्ट जातीचे असते. दुसरे पद एकटे वापरले तर काहीच ठरत नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याच दहाव्या आवृत्तीत आहे. तिथे घरातल्या उंदराचे नाव ‘मस मस्क्युलस’ असे आहे आणि निळ्या देवमाशालाही ‘मस्क्युलस’ हेच दुसरे पद दिलेले आहे. पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी आणि आपल्या फडताळातला उंदीर यांना वेगळे ठेवते ते पहिले पद.

नाव देण्याची रीत अशी की, अभ्यासकाने त्या प्राण्याचे वर्णन छापून प्रसिद्ध करावे लागते आणि एक नमुना ‘प्ररूप’ म्हणून नेमून संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे कधी वाद झाला तर त्या नमुन्याकडे परत जाता येते. एकाच प्राण्याला दोघांनी नावे दिली असतील तर सर्वसाधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. नाव समर्पक आहे की नाही, याचा या निर्णयाशी काहीही संबंध नसतो. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर शास्त्रीय नावांकडून आपण भलतीच अपेक्षा करू लागतो.

आता तुमच्या माडावरच्या प्राण्याकडे येतो. त्याचे नाव ‘पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडायटस’. पहिल्या पदाचा अर्थ ‘विलक्षण शेपटीचा’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘उभयलिंगी’. हा प्राणी उभयलिंगी मुळीच नाही. नर आणि मादी दोघांनाही शेपटीखाली गंधग्रंथी असते व ती वृषणांसारखी दिसते, त्यामुळे पालास या अभ्यासकाने १७७७ साली दिलेल्या नावात हा गैरसमज कायमचा येऊन बसला. चूक कळूनही नाव बदलले गेले नाही, कारण नावाचे काम ओळख पटविणे हे आहे आणि ते काम ते नाव चोख करते.

तुमच्या व्हाळातला प्राणी मात्र ‘लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा’ असण्याची शक्यता अधिक. हा मुंगसासारख्या दिसणाऱ्या जवादी कुळातला नसून विझल या लांबट अंगाच्या लहान मांसभक्षकाच्या कुळातला, म्हणजे कांडेचोरापासून बराच दूरचा नातलग आहे. तेव्हा एका ओळीत दोन कुळे मिसळली गेली आहेत.

शब्दशोध

वरील माहितीत भाषेच्या बाजूने भर घालतो. पाण्यातल्या प्राण्यासाठी असलेले ‘उद’ हे नाव फार जुने आहे. संस्कृतात त्याला ‘उद्र’ म्हणतात, आणि ग्रीक ‘हायड्रा’ व इंग्रजी ‘ऑटर’ हे शब्द त्याच मुळातून, म्हणजे पाण्याच्या अर्थाच्या धातूतून आलेले आहेत. तुमच्या पहिल्या आजोबांनी उच्चारलेला शब्द त्यांच्याकडे हजारो वर्षांच्या वाटेने आला आहे, हे त्यांना अवश्य सांगा.

मात्र मराठीत ‘ऊद’ हा दुसराही एक शब्द आहे. तो अरबीतून आलेला, धुपाच्या अर्थाचा, ज्यापासून आपली उदबत्ती झाली. एक शब्द पाण्याचा आणि एक सुगंधाचा, उच्चार जवळजवळ एकच, आणि इकडे दोन प्राण्यांपैकी एक पाण्यात राहणारा व दुसरा गंधग्रंथी बाळगणारा. अशा ठिकाणी नुसत्या उच्चारावरून प्राणी ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट ‘मांजर’ या पदाची. आपल्याकडे पाणमांजर, उदमांजर, जवादी मांजर, खवले मांजर आणि रानमांजर अशी नावे आहेत व त्यांपैकी केवळ शेवटचे खरोखर मार्जारकुळातले आहे. खवले मांजराचा तर मांसभक्षकांच्या गणातही समावेश होत नाही, त्याचा गण स्वतंत्र आहे. यावरून लोकांना प्राणी कळत नव्हते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ‘मांजर’ हे इथे आकारमानाचे आणि वावराचे माप आहे : कुत्र्याहून लहान, रात्री हिंडणारा, चाहूल न देता जाणारा प्राणी. त्याला पाणी, खवले किंवा रान यांची जोड दिली की गावापुरती ओळख पूर्ण होते. लिनीअसने खवले मांजराच्या प्रजातीला ‘मॅनिस’ हे नाव दिले, ते मृतात्म्यांसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. इंग्रजांचा ‘पँगोलिन’ हा मलय भाषेतल्या, अंग गुंडाळून घेणाऱ्या प्राण्यासाठी असलेल्या शब्दावरून आला. तिन्ही नावांत पाहणाऱ्याला आधी काय दिसले एवढेच नोंदलेले आहे, आणि मला स्वतःला मलय नाव सर्वांत नेमके वाटते.

मचवा

मालवणच्या किनाऱ्यावर वाढलो, म्हणून समुद्राच्या बाजूचे लिहितो. आमच्याकडे डॉल्फिनला ‘गादा’ म्हणतात. पाठीवर पर नसलेला, लहान, बोथट तोंडाचा जो प्राणी असतो त्याला ‘भुलगा’ असे वेगळे नाव आहे. पर्यटकांना नावेतून दोन्ही डॉल्फिनच वाटतात, परंतु ज्या माणसाचे जाळे फाटते त्याला हा फरक लांबूनच कळतो.

शास्त्रात गाद्याचे, म्हणजे आपल्या किनाऱ्यालगत नेहमी दिसणाऱ्या कुबडवाल्या डॉल्फिनचे, नाव ‘सूसा प्लंबिया’ असे आहे. ‘प्लंबिया’ म्हणजे शिशाच्या रंगाचा. क्युव्हिए याने १८२९ साली मलबारच्या किनाऱ्यावरील नमुन्यावरून हे दुसरे पद दिले. पुढे बराच काळ हा प्राणी चीनकडील ‘सूसा चायनेन्सिस’ या जातीत धरला जात होता आणि २०१४ साली त्याला पुन्हा वेगळी जात मानण्यात आले. म्हणजे जुन्या यादीत एक नाव आणि नव्या यादीत दुसरे नाव दिसले तर प्राणी बदलला असे समजू नये. या सगळ्या काळात आमचा गादा गादाच राहिला.

भुलग्याच्या बाबतीत वेगळीच अडचण आली होती. ग्रे या अभ्यासकाने १८४६ साली त्याच्या प्रजातीला ‘निओमेरिस’ म्हटले, पण हे नाव आधीच दुसऱ्या एका जीवाला दिले गेलेले होते. प्राणिशास्त्रात एकच प्रजातिनाम दोन ठिकाणी चालत नाही, म्हणून १८९९ साली ‘निओफोसीना’ हे नवे नाव द्यावे लागले.

‘देवमासा’ या शब्दावरून शाळेत आम्हांला बोलणी बसत असत की, तो मासा नाही, तुम्ही कोळ्यांची मुले असून एवढेही तुम्हांला कळत नाही. हे मला आजही लागते. माझे आजोबा सांगत की देवमासा श्वास घ्यायला वर येतो आणि पिलाला अंगावर पाजतो. त्यांच्या ‘मासा’ या शब्दात पाण्यात राहणारा प्राणी एवढाच अर्थ होता. खुद्द लिनीअसने १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत देवमासे माशांमध्येच घातले होते आणि १७५८ मध्ये त्यांना तेथून काढून सस्तनांत आणले.

शब्दशोध

मचवा, तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोडूनच सांगतो की ‘मॅमॅलिया’ हा शब्दही लिनीअसने त्याच १७५८ च्या आवृत्तीत योजला. त्याआधी तो या वर्गाला ‘चतुष्पाद’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत असे, आणि चार पाय नसलेल्या देवमाशाला त्या नावाखाली आणणे अवघड होते. ‘मॅमा’ म्हणजे स्तन. आपला ‘सस्तन’ हा शब्दही नेमका त्याच लक्षणावर उभा आहे.

माडबन

चर्चा आवडली, परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. दर दहा कोसांवर नाव बदलत असेल तर नोंदवहीचा उपयोग जिल्ह्याबाहेर कसा होणार? पक्ष्यांची जशी मराठी प्रमाण नावे वापरात येऊ लागली आहेत, तशी सस्तन प्राण्यांचीही एकच प्रमाण यादी करून ती सर्व ग्रामपंचायतींना द्यावी. वर्तमानपत्रे अलीकडे ‘मूषकहरिण’ लिहितात, ते वाचणाऱ्याला लगेच कळते.

कातळसडा

माडबन, प्रमाण यादीला माझा विरोध नाही, पण तुम्ही निवडलेल्या उदाहरणाला आहे. ‘मूषकहरिण’ हे इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर आहे आणि तो प्राणी ना मूषक आहे ना खरे हरिण. त्याला शिंगे नसतात, नराच्या वरच्या जबड्यातील सुळे बाहेर डोकावतात आणि त्याचे कुळ हरिणांच्या कुळाहून निराळे आहे. त्याला मराठीत ‘पिसोरी’ हे नाव आधीपासून आहे. जे नाव आहे ते बाजूला सारून भाषांतर आणणे म्हणजे घरची विहीर असताना टँकर मागविण्यासारखे आहे.

पिसोरीची गोष्ट आणखीही एका कारणाने सांगावीशी वाटते. जुन्या पुस्तकांत तिचे नाव ‘ट्रॅग्युलस मेमिना’ असे सापडते. पुढे प्रजाती बदलून ‘मॉस्किओला मेमिना’ झाले. २००५ साली ग्रोव्ह्स आणि मेयार्ड यांनी भारतातील आणि श्रीलंकेतील प्राणी वेगळे असल्याचे दाखविले. ‘मेमिना’ हे सिंहली भाषेतून आलेले नाव श्रीलंकेकडे राहिले आणि भारतातील पिसोरीसाठी ग्रे याने १८५२ साली दिलेले ‘इंडिका’ हे पद पुन्हा वापरात आले. आता ती ‘मॉस्किओला इंडिका’ आहे. नोंदवही भरताना जुन्या पुस्तकातून नाव उतरविले तर आपल्या रानात श्रीलंकेचा प्राणी नोंदला जाईल.

प्रमाण नाव आणि गावचे नाव यांत भांडण लावण्याचे कारणच नाही. दोन्ही लिहावीत. प्रमाण नाव जिल्ह्याबाहेर उपयोगी पडेल आणि गावचे नाव गावात माहिती विचारायला उपयोगी पडेल. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींत शास्त्रीय नावे दिलेली असतात, ती याच कारणासाठी की कायद्याच्या कामात ‘तो उद वेगळा आणि हा उद वेगळा’ असा वाद उरू नये.

पाणंद

मी या विषयात नवखी आहे. काही शास्त्रीय नावांत माणसांची नावे दिसतात, ती कशी येतात? आणि आपल्या मराठी नावांपैकी एखादे शास्त्रीय नावात गेले आहे का?

शब्दशोध

पाणंदताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला मनापासून आनंद होतो. इंग्रजीतील ‘मंगूस’ या शब्दाचे मूळ सांगताना शब्दकोश मराठी ‘मुंगूस’ दाखवितात. तेलुगू आणि कन्नड भाषांतही या शब्दाची सख्खी रूपे आहेत. युरोपात तो पोर्तुगीजांच्या तोंडून गेला असे मानले जाते, म्हणजे ज्या किनाऱ्यावर आपण बसून हे लिहितो आहोत तोच त्या शब्दाचा घाट.

पुढचा प्रवास तर अधिक विलक्षण आहे. हाच शब्द लॅटिन वेश घेऊन ‘मुंगोस’ या प्रजातिनामात बसला, आणि आज ते नाव आफ्रिकेतील पट्टेदार मुंगसाकडे आहे : ‘मुंगोस मुंगो’. मादागास्करमधील एका लेमूरलाही लिनीअसने ‘मोंगोझ’ हे पद दिले, आणि तो लेमूर मुंगूस तर नाहीच, तो माकडांच्या बाजूचा प्राणी आहे. आपल्या परसातल्या मुंगसाला मात्र या नावाचा लाभ झाला नाही. तो दीर्घकाळ ‘हर्पेस्टेस एडवर्ड्सी’ म्हणून ओळखला जात होता, ज्यातील पहिल्या पदाचा अर्थ ‘सरपटणारा’ आणि दुसरे पद जॉर्ज एडवर्ड्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ. अलीकडे आशियातील मुंगसे ‘उर्वा’ या प्रजातीत घेण्यात येऊ लागली आहेत. हॉजसन याने नेपाळात वापरात असलेल्या नावावरून ते घेतले होते. मराठी शब्द आफ्रिकेत गेला आणि मराठी मुंगसाला नेपाळी नाव मिळाले, असा हा हिशेब आहे.

घुशीचेही असेच आहे. इंग्रजी ‘बँडिकूट’ हा तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुकरासारखा उंदीर, या शब्दावरून आला. घुशीच्या प्रजातीचे ‘बँडिकोटा’ हे नाव त्यावरून झाले आणि पुढे ऑस्ट्रेलियातील पोटाला पिशवी असलेल्या वेगळ्याच प्राण्यांना लोक ‘बँडिकूट’ म्हणू लागले.

कातळसडा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. एखाद्याने नमुना मिळविला, मोहिमेला मदत केली किंवा अभ्यासाला आधार दिला, तर त्याच्या सन्मानार्थ वर्णन करणारा अभ्यासक त्याचे नाव देतो. स्वतःचे नाव स्वतः शोधलेल्या प्राण्याला देण्याची रीत नाही.

आपल्या भागातील उदाहरण म्हणजे शेकरू. शेकरूचे मूळ शास्त्रीय नाव ‘रॅटुफा इंडिका’, पण उत्तर सह्याद्रीतील शेकरूला कर्नल साइक्स याने १८३१ साली मुंबईचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचे नाव दिले आणि ते ‘एल्फिन्स्टोनी’ हे पद आजही उपजातीसाठी वापरले जाते. साइक्सने त्याच वर्षी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली आणि तिच्यात मराठी नावे नोंदविली, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. आपल्या कोळसुंद्याला, म्हणजे रानकुत्र्याला, त्याने ‘कॅनिस दख्खुनेन्सिस’ म्हटले आणि मराठ्यांमध्ये त्याला ‘कोळसून’ म्हणतात, असे लिहून ठेवले. नाव सुंदर होते, पण टिकले नाही, कारण सायबेरियाकडील त्याच जातीला पालास याने १८११ सालीच ‘अल्पायनस’, म्हणजे पर्वतावरचा, हे पद दिलेले होते. म्हणून तिलारीच्या दमट रानात हिंडणारा आपला कोळसुंदा आज ‘क्युऑन अल्पायनस’ आहे.

मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण सुरू केले, त्या कामातली माणसेही नावांत राहिली आहेत. रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव ‘ओटोमॉप्स रॉटोनी’ या वटवाघळाला आहे. १९१३ साली थॉमस याने ज्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले ते बेळगावजवळच्या बारापेडे गुहांतील, म्हणजे आपल्या घाटमाथ्यापासून फार लांबचे नव्हेत. सोसायटीचे मिलार्ड यांचे नाव ‘मिलार्डिया’ या उंदरांच्या प्रजातीत आहे.

गव्याविषयी दोन वाक्ये लिहिल्याशिवाय राहवत नाही. नावात ‘रेडा’ असला तरी गवारेडा म्हशीच्या नव्हे तर गाईच्या प्रजातीतला आहे. आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते, या नियमाला अपवाद करून २००३ साली आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने रानटी प्राण्यांची सतरा नावे जपली, त्यांत ‘बॉस गॉरस’ आहे. एरवी गव्याचेच पाळीव रूप मानल्या जाणाऱ्या ईशान्येकडील गयाळाला १८०४ साली दिलेले ‘फ्रंटॅलिस’ हे पद गव्याच्या १८२७ सालच्या पदावर भारी पडले असते.

मचवा

खाडीकाठ, एक विनंती. खवले मांजराची नोंद कराल तेव्हा बिळाची जागा, सड्याचे नाव किंवा छायाचित्र इथे अथवा अन्यत्र कुठेही उघड टाकू नका. शिकारी हे सर्व वाचतात.

आणि तुमच्या तीन घरांविषयी एक सुचवतो. ‘याला काय म्हणतात’ असे विचारू नका. ‘तो काय खातो आणि कुठे घाण करतो’ असे विचारा. मासेमारीला जाणारा माणूस प्राण्याला त्याच्या खाण्यावरून ओळखतो.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मचवांच्या सांगण्याप्रमाणे रविवारी तिन्ही घरी पुन्हा गेलो आणि नाव न उच्चारता विचारले.

पहिल्या आजोबांनी मला व्हाळाच्या कोंडीपर्यंत नेले. पाण्याशेजारच्या सपाट खडकावर विष्ठा होती, तिच्यात माशांचे खवले आणि कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे स्पष्ट दिसत होते, आणि मासळीचा वास येत होता. दुसऱ्या आजोबांनी मांगराच्या (शेतघराच्या) पडवीवर पडलेली विष्ठा दाखविली, ती भेरली माडाच्या बियांनी भरलेली होती. तिसऱ्या घरच्या आजींनी दोन्ही जागा मी सांगताच ओळखल्या आणि त्यांच्या माहेरी, सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, ‘उदमांजर’ हे पाण्यातल्या प्राण्याला म्हणत असत, असे सांगितले. म्हणजे त्यांचे नाव चूक नव्हते, ते दुसऱ्या गावचे होते.

नोंदी आता पुढीलप्रमाणे केल्या आहेत. पहिल्या ओळीत ‘उद, काही घरांत उदमांजर (सावंतवाडीकडून आलेले नाव), प्रमाण मराठी पाणमांजर, लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा, खूण : खडकावर मासळीची विष्ठा’ असे लिहिले आहे. दुसऱ्या ओळीत ‘कांडेचोर, काही घरांत उद किंवा उदमांजर, पॅराडॉक्सुरस हर्माफ्रोडायटस, खूण : बियांची विष्ठा, माडीच्या मडक्यांशी वावर’ असे लिहिले. प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याची वाडी आणि अंदाजे वय टाकले असून व्यक्तीचे नाव समितीच्या वहीतच ठेवले आहे. पाणमांजराच्या पावलाचा ठसा मोजपट्टी ठेवून टिपला आहे. तो वनविभागाकडून तपासून घेईपर्यंत त्या शास्त्रीय नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह राहील.

पुढच्या आठवड्यात भेकर आणि पिसोरी यांचे पान घेणार आहे. या दोघांना आपापल्या गावात कोणकोणती नावे आहेत ती, गावाच्या उल्लेखासह, याच धाग्यावर लिहावीत.